फक्कीच्या भिंती

जालन्यात खोली शोधत मी अकरा दिवस हिंडलो. सगळीकडे पहिला प्रश्न एकच होता, गाव कुठलं आणि आडनाव काय. गाव वाटूरच्या बाजूचं, हे मी चटकन सांगायचो. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. बाराव्या दिवशी मी ज्या माणसासमोर उभा राहिलो, त्यानं विचारलं, "उंची किती रे तुझी?"

मला माहीत नव्हती. कुणी कधी मोजलीच नव्हती.

त्यानं खिशातून घडीची लाकडी पट्टी काढली, मला दगडी भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर तळहात आडवा धरून माप घेतलं. "पाच फूट साडेचार इंच. झोपताना पाय पसरतो का गुडघे पोटाशी घेतो?"

"पोटाशी."

"कामून?"

"घरी जागा कमी आहे."

"इथं पसरायचे. साडेसहा फूट लागंल. उशाला पुस्तकं ठेवणार?"

"हो."

"मंग आठ. आठ बाय सहा. ये सामान घेऊन."

माझ्या आयुष्यातली पहिली खोली मला अशी मापानं मिळाली, शर्टासारखी. फरक एवढाच, की खोली तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

सगळे त्यांना फिटरमामा म्हणायचे. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, पण नीट जमेल की नाही ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि कुणी कुणाबद्दल लिहूनही ठेवलं नाही. तरी जसं आठवतं तसं सांगतो.

मामा एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाची सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा तो कारखाना बंद पडला, यंत्रं विकली गेली, आणि मालक हैदराबादेला निघून गेले. उरलं ते रुईचं गोदाम. मालकांनी जाताना किल्ली मामांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हे पडू देऊ नको. माणसं राहतील असं काही तरी कर." मामांना स्वतःचा संसार नव्हता. त्यांनी ते शब्द अगदी मनावर घेतले.

गोदाम म्हणजे एकच लांबलचक दालन. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर लोखंडी कैच्या, त्यांच्यावर पत्रा. पुढं बैलगाडी आत येईल एवढं सरकतं दार. मागच्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक चौकोनी खिडकी होती. सरकी बाहेर गाडीत ओतायला ती ठेवलेली, म्हणून तिला सरकीची खिडकी म्हणत. उन्हाळ्यात पत्रा तापला की कैच्यांवर साचलेली जुनी रुई सुटायची आणि सावकाश तरंगत खाली यायची. माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात अजून कुठं कुठं ती सापडते.

दारातून आत पाऊल टाकलं की मामांचा तळहात पुढं यायचा. "काडीपेटी?"

फिटरकी सांभाळून तीस वर्षं त्यांनी याच दारात कामगारांचे खिसे चाचपले होते. रुईच्या गोदामात एक काडी पेटली तर काय होतं, ते त्यांनी शेजारच्या जिनिंगमध्ये पाहिलं होतं. आत भिंतीवर उर्दूत आणि मराठीत मोठ्या अक्षरांत 'विडी-काडी बंद' असं रंगवलेलं होतं, आणि ओळीनं वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. रुई जाऊन वर्षं झाली तरी मामांचा तळहात काही मागं गेला नाही. दाराजवळच्या कोनाड्यात सगळ्या बिऱ्हाडांच्या काडीपेट्या ठेवलेल्या असत. स्वयंपाकाच्या वेळी आपली उचलायची, काम झालं की परत ठेवायची. मी विडी ओढत नव्हतो, पण कंदिलासाठी मलाही एक होती. मामांनी तिच्या पत्र्याच्या खोळीवर खिळ्यानं आठ बाय सहा असं कोरून दिलं होतं.

माझ्या आधी तिथं दोन बिऱ्हाडं आली होती. एक एस. टी.तला कंडक्टर, एकटाच. दुसरे भोकरदनकडचे एक गुरुजी, त्यांची बायको आणि दोन लहान मुली. गुरुजींच्या घरी तिकडं बरीच शेती होती. नोकरीसाठी ते जालन्यात आले होते. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो.

वहिनींनी पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला त्या दिवसाची गोष्ट कंडक्टर रंगवून सांगायचा. मामा वाळूची बादली दोन्ही हातांत धरून उभे. म्हणाले, "पेटवा वहिनी. मी बघत न्हाई." आणि भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून घेतले. स्टोव्ह भस्सकन पेटला तसे त्यांचे खांदे वर गेले. वहिनींना हसू आवरेना. थोड्या वेळानं फोडणीचा वास सुटला तेव्हा मामांनी तसंच भिंतीकडं बघत विचारलं, "काय शिजून राह्यलं?"

"पिठलं."

"या छपराखाली आजपरेंत काय शिजलंच न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी दोन घास खाल्ले, मग बाहेर जाऊन छपरातून धूर येतोय का ते बघत बसले. बादली मांडीवरच होती.

आता भिंतींचं सांगतो.

मी ट्रंक घेऊन गेलो तेव्हा दालनात एकही आडभिंत नव्हती. जमिनीवर चुन्याची फक्की मारलेली होती, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी. मधोमध बोळ, त्याच्या एका अंगाला गुरुजींच्या दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला कंडक्टरची एक. त्यापुढं शेवटी, सरकीच्या खिडकीला लागून, मामांनी माझ्यादेखत आठ बाय सहाचा चौकोन आखला. बोळाच्या बाजूला अडीच फूट जागा फक्की न टाकता मोकळी सोडली. "हे तुझं दार," ते म्हणाले. ते बरोबर गुरुजींच्या दारासमोर आलं होतं.

"भिंत कधी येणार?" मी विचारलं.

"ही काय, आली की."

मामांचं म्हणणं असं, की भिंत आधी फक्कीची घालायची. तिच्यात महिना-दीड महिना राहून बघायचं. कुठं कोपर लागतं, कुठं भांडण होतं, कुठं दार नको तिथं आलंय, ते कळू द्यायचं. मग गवंड्याला बोलवायचं. "इटाची भिंत चुकली तं जलमभर तिला शिव्या देत बसतो माणूस. फक्की चुकली तं पायानं पुसता येती." वहिनींच्या बाजूला बायका-पोरींसाठी बारदानाचे पडदे लावले होते. बाकी आम्ही सगळे उघड्यावरच, पण आपापल्या खोलीत होतो.

आणि खोलीत म्हणजे खोलीतच. फक्की ओलांडलेली मामांना चालायची नाही. एकदा कंडक्टर वाटी घेऊन, चटणी मागायला, सरळ रेघेवरून गुरुजींकडं निघाला. मामा लांबून ओरडले, "अरे ए! भिंतीतून कुठं चालला? भूत हाय का तू?"

कंडक्टर निमूट परत गेला, आपल्या दारातून बोळात आला, गुरुजींच्या दारापाशी थांबला आणि हवेत ठकठक करून तोंडानं आवाज काढला. तीन हातांवर बसलेल्या गुरुजींनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "कोण आहे?"

"मी हाय, शेजारी."

"या, या. दार लोटून घ्या."

पोरी हसून लोळल्या. मामा मात्र हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं सगळं बरोबर चाललं होतं.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याला रेघ सरकवून हवी असेल त्यानं आधी त्या सरकवलेल्या रेघेच्या पलीकडं तीन दिवस राहून दाखवायचं. कंडक्टरला त्याची खोली माझ्याकडं दोन फूट वाढवून हवी होती. मामांनी त्याला तीन दिवस माझ्या उरलेल्या सहा बाय सहात झोपवलं. तो कंडक्टर चांगला उंच. चौथ्या दिवशी मान धरून म्हणाला, "राहू द्या मामा, पोराला पाय हायेत." तेव्हा गुरुजी सगळ्यांत जास्त खूश झाले होते. म्हणाले, "मामा, हा न्याय कोर्टातसुद्धा मिळायचा नाही."

गुरुजी चांगले होते. हे मला आधी सांगायला हवं, कारण पुढचं वाचून कुणाचा गैरसमज होईल. माझं इंग्रजी फार कच्चं होतं. कॉलेजात प्राध्यापक बोलायचे तेव्हा मी फक्त त्यांच्या ओठांकडं बघायचो. गुरुजींना ते कळलं. रोज संध्याकाळी ते आपल्या दारात बसायचे, मी माझ्या दारात, मधून बोळ. ते वाक्य सांगायचे, मी वहीत लिहायचो. समोरासमोर दारं होती म्हणून हे जमायचं. एका संध्याकाळी मी एका दमात पाच वाक्यं बिनचूक लिहिली, तर त्यांनी आत बघून सांगितलं, "अहो, याला चहा द्या." वहिनींनी बोळातून हात लांब करून कप दिला.

त्यांनी मला आडनाव विचारलं नव्हतं. मामांनी ठेवून घेतला म्हणजे विचारून घेतला असेल, असं त्यांना वाटलं असावं. मीही सांगितलं नव्हतं. सांगण्याची वेळ आली नाही, असं मी मनाला समजावत होतो. पण ते खरं नाही.

मग एका रविवारी माझे वडील आले. गावाहून पहाटे निघून, खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन. मोठ्या दारात त्यांनी पोतं टेकवलं आणि घाम पुसत, नेहमीच्या मोकळ्या मोठ्या आवाजात मामांना म्हणाले, "जय भीम!"

सगळ्या गोदामात तो आवाज घुमला. मी आत बसलो होतो. मला पुढं जायला हवं होतं. मी वहीत बघत राहिलो.

मामांनी तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "जय भीम, या. काडीपेटी?"

वडील गोंधळले, मग हसले आणि बंडीतून पेटी काढून त्यांनी तळहातावर ठेवली. मामांनी त्यांना माझी खोली दाखवली, दारातून आत नेऊन, भिंतीला हात न लागू देता. वडील फक्कीच्या मधोमध उभे राहून आजूबाजूला बघत म्हणाले, "झाक हाय. उजेड बी हाय." त्यांच्या डोळ्यांत मला खरंच भिंती दिसल्या.

त्या संध्याकाळी गुरुजी दारात आले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, शाळेचं काम आहे. तिसऱ्या दिवशी काही म्हणाले नाहीत. मी पहाटेच उठून, कुणी जागं व्हायच्या आत मोठ्या दाराबाहेरच्या नळाखालच्या टाकीतून माझं पाणी भरून ठेवायला लागलो. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. नळ आठला यायचा, तेव्हा सगळे भरायचे.

गवंडी यायला आठवडा उरला होता. एकदा भिंत आली की कायमची. त्या वेळी गुरुजींनी मामांना गाठलं. मी तिथंच होतो.

"मामा, या पोराचं दार मागच्या बाजूला काढलं तर? सरकीची खिडकी खाली फोडली की झालं. अभ्यासाचा मुलगा, बोळात पोरींचा गोंधळ असतो. त्याचं त्याला स्वतंत्र होईल." हे सगळं ते जमिनीकडं बघत बोलले.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळत होतं. दार मागं गेलं म्हणजे बोळ गेला, समोरचं दार गेलं, संध्याकाळची वाक्यं गेली. मी गोदामात राहणार, पण गोदामातला राहणार नाही. आमची गावातली वस्तीही गावातच आहे म्हणतात, तशी. हे सगळं कळत असताना माझ्या तोंडून शब्द आला तो एकच.

"चालेल."

मामांच्या कपाळावर आठी पडली. गुरुजींना म्हणाले, "रेघ सरकवायची कोणाला हाय? तुम्हाला. मंग नियम कोणाला?"

गुरुजी हसले. "अहो मामा, हे वेगळं आहे."

"काय येगळं हाय?"

गुरुजी पुन्हा जमिनीकडं बघू लागले. काय वेगळं ते सांगायचं तर तो शब्द तोंडाबाहेर काढावा लागला असता, आणि तो काढण्याइतके ते वाईट नव्हते. मामा वाट बघत उभे राहिले. शेवटी कंडक्टरनं आपल्या खोलीतून आवाज टाकला, "गुरुजी, तिकीट काढा. जाऊन-येऊनचं काढा, सवलत न्हाई!"

आणि खरंच, गुरुजी माझ्या आठ बाय सहात राहायला आले. एक वळकटी, एक तांब्या, शाळेचं दप्तर. मामांनी फक्की आणून माझं बोळाकडचं दार बंद केलं. मी तीन दिवस मोठ्या दाराजवळ मामांपाशी राहिलो.

आता गुरुजींना बाहेर पडायचं तर सरकीच्या खिडकीतूनच. धोतर आवरून ते पहिल्या सकाळी तांब्या हातात घेऊन खिडकीवर चढले, तेव्हा मला हसू आलं नाही. पलीकडं उतरून, मागच्या गवतातून, सगळ्या गोदामाला वळसा घालून ते नळावर आले. मामा तिथं बसून पावलं मोजत होते. "दोनशे चौदा," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. कोळशानं दारावर तो आकडा लिहिला.

वहिनींचं वेगळंच. चहा झाला तर नवरा चार हातांवर समोर बसलेला दिसतोय, पण मधे भिंत. कप घेऊन त्या मोठ्या दारातून बाहेर, वळसा घालून, खिडकीशी. तोवर चहा गार. जेवणाचं ताटही तसंच. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी मुलगी बोळात, रेघेच्या अगदी कडेला पाय जुळवून उभी राहिली आणि वडिलांकडं बघत तिनं आईला विचारलं, "आई, बाबांना शिक्षा झाली का?"

गुरुजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, बराच वेळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा मोठ्या दाराच्या चाकाला तेल देत होते. वहिनी कप घेऊन निघाल्या, बोळात आल्या, आणि थांबल्या. मग त्या वळल्या, माझ्या खोलीच्या रेघेपाशी गेल्या आणि पायानं फक्की पुसायला लागल्या. शांतपणे, सारवण करताना हात फिरवावा तशा.

मामा लांबून म्हणाले, "वहिनी, ती भिंत हाय."

"असू द्या. चहा निवून राह्यला."

त्या आत गेल्या, गुरुजींच्या पुढ्यात कप ठेवला आणि आल्या वाटेनं परत आल्या. मामा ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला, घडीची पट्टी काढली आणि पुसलेली जागा मोजली. "दोन फूट सात इंच. बराबर हाय. चौकट बसंल."

गुरुजी वळकटी बांधून आपल्या खोलीकडं निघाले तेव्हा मामांना एवढंच म्हणाले, "लांब पडतं मामा. आतलंच राहू द्या." त्यांच्या मनात नेमकं काय बदललं, की फक्त गुडघे दुखले, ते मी आजही सांगू शकत नाही.

मला वाटलं, संपलं. पण मामांनी मला बोलावलं.

"आता तुझी पाळी."

"मी कुठं रेघ सरकवायला सांगितली?"

"चालंल म्हन्लास ना? ते बी सरकवणंच झालं." ते रागावलेले नव्हते. समजावून सांगत होते, एखादा नट कुठं ढिला आहे ते दाखवावं तसं. "आतल्या दारात तीन दिवस राहून दाखव. आठला नळावर जायचं, सगळे जातात तव्हा. पहाटं टाकीला लागशील तं याद राख. माझी झोप कुत्र्याची हाय."

म्हणजे त्यांनी रोज पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी कळशी घेऊन गेलो आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. कंडक्टरची बादली झाली, वहिनींची घागर नळाखाली होती. ती भरत आली. मी तसाच उभा. वहिनींनी वळून पाहिलं.

"भर की जल्दी! पाहुण्यावाणी उभा काय राह्यला? नळ जाईल आत्ता."

मी पुढं झालो. त्यांनी आपली घागर उचलून बाजूला धरली, कमरेवर. शिंतोडे उडू नयेत म्हणून की दुसऱ्या कशासाठी, ते मला कळलं नाही. मी विचारणार तरी कसं? दुसऱ्या दिवशीही धरली. तिसऱ्या दिवशी त्यांची घागर खालीच होती. माझ्या कळशीचं पाणी सांडून तिच्या बुडाशी वाहत गेलं आणि त्या कंडक्टरशी भाजीच्या भावावरून भांडत राहिल्या.

मग गवंडी आला. आठ दिवसांत विटा फक्कीवर चढल्या. दोन फूट सात इंचाची चौकट बसली, तिला दार बसलं. मी आत जाऊन ते लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला लावायला दार मिळालं होतं आणि आत बसून त्याचं काय करायचं ते मला सुचेना. पाय पसरून बघितले. पुरत होते. संध्याकाळ झाली. कंदील लावायचा होता, पण उठवेना.

बोळापलीकडून गुरुजींचा आवाज आला.

"दार उघड रे. काल कुठपर्यंत आलो होतो आपण?"

तो 'काल' तीन आठवड्यांपूर्वीचा होता. मी वही घेऊन दारात बसलो.

गुरुजी माझ्या खोलीत कधी पाऊल टाकून आले नाहीत, हेही मी लिहायला हवं. ती तीन दिवसांची राहणी सोडली तर. पण इंग्रजीत मी पास झालो.

मामांना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही माझ्यासाठी एवढं का केलं. त्यांना प्रश्नच समजला नाही असं दिसलं. त्यांनी कैचीवरून पडलेल्या रुईची चिमूट उचलली, माझ्या दारात उभं राहून हवेत सोडली. ती तरंगत बोळ ओलांडून सरळ गुरुजींच्या दारात गेली. "बघ. सरकीच्या खिडकीतून वारा येतो, तुझ्या दारातून त्यांच्या दारात जातो. दारं समोरासमोर नसली तं दोन्ही खोल्या तापत्याल. दुसरं काय न्हाई." हे त्यांना खरंच वाटत होतं, की मला लाज वाटू नये म्हणून ते बोलले, हेसुद्धा मला माहीत नाही.

बी. ए. झाल्यावर मी औरंगाबादला विद्यापीठात निघालो. ट्रंक उचलून बोळातून आलो. गुरुजी दारात उभे होते, वहिनींनी दशम्या बांधून दिल्या होत्या. मोठ्या दाराशी मामा बसले होते. चार वर्षांत मी त्या छपराखाली एक गोष्ट कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. वडील आले की ते बोलायचे, मी नुसती मान हलवायचो.

मी ट्रंक खाली ठेवली.

"जय भीम, मामा."

माझ्या अपेक्षेपेक्षा आवाज मोठा निघाला. गोदामात आता भिंती होत्या, पूर्वीसारखा घुमला नाही. पण बोळाच्या टोकापर्यंत गेला असेल.

मामांनी मान वर केली. "जय भीम," ते म्हणाले, आणि तळहात पुढं केला. "काडीपेटी?"

मी खिसा चाचपला. रात्री कंदील लावल्यावर कोनाड्यात परत ठेवायची राहिलेली, आठ बाय सहा कोरलेली ती पेटी खरंच माझ्या खिशात होती. मी ती त्यांच्या हातावर ठेवली.